व्हिला-लोबोस यांचा गिटारसाठीचा पहिला एत्यूद: दोन बारच्या सांध्यावर अडलेल्या वादनाचा प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण एका प्रौढ विद्यार्थ्याचे आहे. व्यवसायाने ते वास्तुविशारद. अनेक वर्षे त्यांनी स्टीलच्या तारांच्या गिटारवर फिंगरस्टाइल वादन केले आणि त्यानंतर ते क्लासिकल गिटारकडे वळले. स्टाफ नोटेशन त्यांना बऱ्यापैकी वाचता येत होते आणि कार्कासी व सोर या जुन्या गिटार-संगीतकारांचे सोपे अभ्यास त्यांचे वाजवून झाले होते. व्हिला-लोबोस यांचा पहिला एत्यूद (म्हणजे तंत्राच्या सरावासाठी रचलेली संगीतरचना) त्यांनी स्वतःच निवडला होता, व ते माझ्याकडे आले ते एका नेमक्या तक्रारीसह. मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारे लययंत्र) ७२ वर असेपर्यंत रचना स्वच्छ वाजे. ८४ च्या पुढे गेले की मधल्या भागात स्वर गिळले जात आणि बारच्या (तालाच्या एका मापाच्या) सुरुवातीला खरखर येई. उजवा हात पुरेसा वेगवान नाही, असे निदान त्यांनी स्वतःच करून ठेवले होते व उपायही त्याच दिशेने चालू होता.

मूळ रचनेविषयी थोडे सांगितल्याशिवाय ही तक्रार समजणार नाही. ब्राझीलचे संगीतकार एइतोर व्हिला-लोबोस (१८८७–१९५९) यांनी गिटारसाठी बारा एत्यूद १९२० च्या दशकात, पॅरिसमधील वास्तव्याच्या काळात रचले आणि ते स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोविया यांना अर्पण केले. पॅरिसच्या माक्स एशिग या प्रकाशनसंस्थेने ते छापले ते थेट १९५३ मध्ये, सेगोविया यांच्या प्रस्तावनेसह. गिटारच्या वाङ्मयात या संचाचे स्थान स्कार्लात्ती आणि शोपां यांच्या रचनांच्या तोडीचे आहे, असे सेगोवियांनी त्या प्रस्तावनेत म्हटले. तसेच संगीतकाराने सुचवलेली बोटे (कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा याच्या खुणा) आपण बदललेली नाहीत, असेही नमूद केले. पुढे १९२८ सालची तारीख असलेली हस्तलिखित प्रत अभ्यासकांसमोर आली, तेव्हा त्या प्रतीत बोटांचा तपशील छापील आवृत्तीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. फ्रेदेरिक झिगांते यांनी संपादित केलेली चिकित्सक आवृत्ती २०११ मध्ये निघाली. आमच्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र जुन्या छपाईची झेरॉक्स होती आणि पहिल्या एत्यूदपुरते त्याने फारसे बिघडत नाही, कारण उजव्या हाताची बोटे त्या छपाईतही स्पष्ट दिलेली आहेत.

ती बोटे म्हणजेच या रचनेचा कणा होय. ई मायनर, चार मात्रांचा बार, प्रत्येक मात्रेत चार स्वर, म्हणजे आपल्या बोलीत चौगुन; असे सोळा स्वर एका बारमध्ये येतात आणि जवळजवळ संपूर्ण रचनाभर उजव्या हाताचा एकच नमुना चालू राहतो. अंगठ्यासाठी पी, तर्जनीसाठी आय, मध्यमेसाठी एम आणि अनामिकेसाठी ए ही प्रचलित अक्षरे घेतली तर तो नमुना असा होतो: पी आय पी आय, पी एम आय ए, एम ए आय एम, पी आय पी आय. तारांच्या क्रमाने (सर्वांत उंच स्वराची तार पहिली, सर्वांत खालच्या स्वराची सहावी) तोच नमुना ६ ४ ५ ३, ४ २ ३ १, २ १ ३ २, ४ ३ ५ ४ असा येतो. पहिला स्वर बाजूला ठेवला तर उरलेले पंधरा स्वर नवव्या स्वराभोवती अगदी आरशात पाहावे तसे उलटसुलट जुळतात. या सोळांपैकी तर्जनीच्या वाट्याला सहा स्वर येतात, अंगठ्याच्या वाट्याला पाच, मध्यमेच्या तीन आणि अनामिकेच्या केवळ दोन. ते दोन मात्र आठव्या आणि दहाव्या स्थानी, एकमेकांच्या अगदी जवळ आलेले आहेत. चौथ्या तारेवर अंगठाही येतो आणि तर्जनीही. त्यामुळे ही दोन बोटे सतत एकमेकांच्या वाटेत येतात आणि नवशिक्याची पहिली अडखळ बहुधा तिथेच होते.

पहिल्या तपासणीत उजव्या हाताचा एक दोष खरोखरच आढळला. फिंगरस्टाइलच्या जुन्या सवयीने ते करंगळी साउंडबोर्डवर टेकवून ठेवत. करंगळी आणि अनामिका यांचे स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांशी जोडलेले असतात. करंगळी दाबून धरली की अनामिका मोकळेपणाने हलत नाही आणि आठवा व दहावा स्वर फिका पडतो. करंगळी उचलायला लावल्यावर हे दोन्ही स्वर काही काळाने सुधारले. परंतु मूळ तक्रार जशीच्या तशी राहिली, आणि निदान बदलायला हवे याचा तो पहिला पुरावा होता.

दुसरा पुरावा अधिक निर्णायक ठरला. डावा हात मांडीवर ठेवून, सर्व तारा मोकळ्या सोडून फक्त नमुना वाजवायला सांगितले, तेव्हा तो १०८ ला विनासायास वाजला आणि १२० लाही फारसा विस्कटला नाही. म्हणजे उजव्या हाताकडे वेग होता. त्यानंतर मधल्या भागातील एकेक बार सुटा काढून, पुढे न सरकता, ९२ ला पुन्हा पुन्हा वाजवून घेतला. तोही स्वच्छ वाजला. डावा हात जागचा हलत नसेल तर दोन्ही हात मिळून काम नीट करत होते. बिघाड उरला तो एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जाण्याच्या सांध्यात.

इथे छापील आवृत्तीतील एका वैशिष्ट्याने हा दोष बराच काळ झाकून ठेवला होता. रचनेतील बहुतेक प्रत्येक बार पुनरावृत्तीच्या चिन्हांत बांधलेला आहे. प्रत्येक बार दोनदा वाजतो. म्हणून डाव्या हाताचा बदल दर बत्तीस स्वरांनी एकदाच येतो आणि दुसऱ्या फेरीत वादक नकळत विसावतो. पुनरावृत्ती वगळून वाजवायला सांगताच चुका दुप्पट वेगाने समोर आल्या आणि त्यांची जागाही ठळक झाली. (पहिल्या वेळी जोरात आणि दुसऱ्या वेळी हळू, असा प्रतिध्वनी संपूर्ण रचनाभर करण्याची प्रथा अनेकांना प्रिय आहे. तीन-चार बारनंतर ती मला कंटाळवाणी वाटते. पण तो रुचीचा प्रश्न झाला.)

अडचणीचा मुख्य प्रदेश म्हणजे मधला, एकेक फ्रेट (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेले घर) खाली उतरणारा भाग. डाव्या हाताची चार बोटे दुसऱ्या ते पाचव्या तारेवर एक डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड (चार स्वरांचा ताणलेला स्वरमेळ) धरतात; तर्जनी पहिले आणि करंगळी चौथे असे मोजले तर दुसरे बोट पाचव्या तारेवर, तिसरे चौथ्या, पहिले तिसऱ्या आणि चौथे दुसऱ्या तारेवर. पहिली आणि सहावी या ई स्वराच्या दोन्ही तारा मोकळ्याच वाजत राहतात. ही आकृती जराही न बदलता, प्रत्येक बारला एक फ्रेट याप्रमाणे, गिटारच्या मानेवरून वरच्या फ्रेट्सकडून खाली सरकत येते. कागदावर याहून सोपे काही असू शकत नाही, कारण बोटांचा आकार तोच, उजव्या हाताचा नमुना तोच आणि जागा तेवढी बदलते. आमच्या विद्यार्थ्याच्या वादनाला तडा जात होता तो नेमका इथेच.

मोबाइलवर या भागाचे स्लो-मोशन चित्रण करून पाहिल्यावर कारण दिसले. वेग ८४ च्या वर गेला की डाव्या हाताची चारही बोटे तेरावा स्वर वाजताक्षणीच एकदम वर उठत होती. चौदावा, पंधरावा आणि सोळावा स्वर अनुक्रमे तिसऱ्या, पाचव्या आणि चौथ्या तारेवर आहेत; बोटे उठलेली असल्याने तिथे कॉर्डमधील स्वरांऐवजी जी, ए आणि डी हे मोकळ्या तारांचे स्वर वाजत होते. लोकल फलाटाला लागण्याआधीच उडी टाकणाऱ्या प्रवाशाप्रमाणे बोटे घाईने निघत आणि तरीही नव्या जागी उशिरा पोहोचत. बारचा दुसरा स्वर चौथ्या तारेवर आहे. तिथे बोट अजून नीट बसलेले नसल्याने खरखर येई. त्यांच्या कानाला हे खटकत नव्हते, याचे कारणही रचनेतच आहे. डिमिनिश्ड कॉर्ड आणि त्याच्यावर-खाली घुमणारे दोन ई यांच्या मिश्रणात विसंवाद अपेक्षितच असतो. त्या गर्दीत तीन परके स्वर सहज मिसळून जातात.

यानंतर आम्ही दोघांनी कागद घेऊन एक साधा हिशेब मांडला आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे. प्रत्येक तार जुन्या बारमध्ये शेवटची केव्हा वाजते आणि नव्या बारमध्ये पहिल्यांदा केव्हा लागते, हे तपासले. दुसरी तार बाराव्या स्वरानंतर मोकळी होते आणि पुढच्या बारच्या सहाव्या स्वराला लागते. मध्ये नऊ स्वरांची उसंत मिळते. तिसरी तार चौदाव्या स्वराला संपते आणि चौथ्याला लागते. मध्ये पाच स्वर आहेत. पाचवी तार पंधराव्याला संपून तिसऱ्याला लागते, म्हणजे मध्ये तीन. चौथी तार मात्र सोळाव्या स्वराला वाजते आणि पुढच्या बारच्या दुसऱ्याच स्वराला पुन्हा हवी असते. मध्ये आहे तो केवळ एक स्वर, सहाव्या तारेवरचा मोकळा ई. चारही बोटांनी एकत्र सरकायचे असल्यास त्या सरकण्याला उपलब्ध असलेला वेळ हा एवढाच. मेट्रोनोम १०० वर असताना एक स्वर ०.१५ सेकंदाचा होतो. ८४ वर तो साधारण ०.१८ सेकंदाचा आणि ७२ वर ०.२१ सेकंदाचा असतो.

हे आकडे पाहिल्यावर त्या मोकळ्या ई स्वराचे महत्त्व ध्यानात येते. तो स्वर वाजत असताना डाव्या हाताला काहीच धरायचे नसते. संगीतकाराने त्या एका स्वराच्या आडोशाने हाताला सरकण्याची सोय करून दिली आहे. पहिल्या तारेवरचा मोकळा ई दहाव्या स्वराला छेडला गेलेला असतो आणि बोटांच्या हालचालीने तो तुटत नाही. त्यामुळे खाली कॉर्ड क्षणभर सुटला तरी वरचा नाद अखंड राहतो. व्हिला-लोबोस स्वतः गिटार वाजवत असत, तरुणपणी रिओच्या शोरो (ब्राझीलचा एक लोकप्रिय वाद्यसंगीत-प्रकार) वादकांत वावरलेले होते आणि अशी सोय केवळ पियानोपाशी बसून सुचणे कठीण, असे मला वाटते.

विद्यार्थ्याला तेरावा ते सोळावा हे चार स्वर शांतपणे धरून ठेवता येत नव्हते, याचे शारीरिक कारणही शोधणे भाग होते. ते सापडले गिटारच्या मानेच्या मागे. डाव्या हाताचा अंगठा इतक्या जोराने दाबलेला असे की हात सरकण्यापूर्वी ती पकड सोडवायला वेळ लागे. तो वेळ कुठून तरी काढायचा म्हणून बोटे आधीच उठत. कमी वेगात हा वेळ मिळत होता, म्हणून ७२ ला दोष दिसत नव्हता. अंगठा मानेवर नुसता टेकवून, हाताबरोबरच सरकू देण्याचा सराव आधी कॉर्ड न वाजवता, नंतर फक्त तिसऱ्या तारेवरच्या पहिल्या बोटासह करून घेतला. हे बोट मार्गदर्शक म्हणून निवडण्यामागे कारण होते. क्लासिकल गिटारच्या पहिल्या तीन तारा गुळगुळीत नायलॉनच्या असतात, तर चौथी, पाचवी आणि सहावी तार धातूच्या बारीक तारेने गुंडाळलेली असते. गुंडाळलेल्या तारेवरून बोट दाबून सरकवले की चिर्र असा आवाज येतो. म्हणून दुसरे आणि तिसरे बोट तारेवरून किंचित अधर करायचे, पहिले बोट तिसऱ्या तारेला हलकेच लागून राहू द्यायचे आणि त्याच्या आधाराने संपूर्ण हात एक फ्रेट खाली न्यायचा, असे ठरले.

सरावासाठी संपूर्ण बार वाजवणे बंद केले. तेराव्या स्वरापासून पुढच्या बारच्या पाचव्या स्वरापर्यंतचा नऊ स्वरांचा तुकडा तेवढा घेतला. सुरुवातीला सहाव्या तारेवरच्या मोकळ्या ई वर हवे तितके थांबायचे, त्या थांब्यात हात सरकवून बोटे बसवायची आणि मगच दुसरा स्वर वाजवायचा. बाकीचे आठ स्वर ठरलेल्या वेगातच हवेत. लांबवायचा तो फक्त एक. त्यानंतर तो थांबा हळूहळू आखडत न्यायचा. सर्वच स्वर सावकाश वाजवून वेग वाढवत नेण्याची जी सर्वमान्य रीत आहे, तिच्यापेक्षा इथे ही पद्धत अधिक उपयोगी पडते, कारण सावकाश वाजवताना हात जी हालचाल शिकतो ती जलद वादनात कामाची असतेच असे नाही. या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर ती नव्हतीच.

रचनेच्या पहिल्या भागासाठी उपाय वेगळा ठरला. तिथे एकच आकृती सरकत नसून बारगणिक कॉर्डचा आकार बदलतो. त्या ठिकाणी बोटे एकगठ्ठा टाकण्याऐवजी ज्या क्रमाने तारा लागतात त्या क्रमाने, म्हणजे आधी चौथ्या तारेवरचे, मग पाचव्या, तिसऱ्या आणि शेवटी दुसऱ्या तारेवरचे बोट बसवणे शक्य असते. गिटार शिक्षकांत याबाबत मतभेद आहेत. संपूर्ण कॉर्ड आधीच धरून ठेवला तर तारांचा परस्परांत मिळणारा अनुनाद भरदार होतो, हा आक्षेप खरा आहे आणि संथ रचनेत मी स्वतः तोच मार्ग घेईन. परंतु छापील सूचना आहे ‘आलेग्रो नॉन त्रोप्पो’, म्हणजे जलद, पण बेताने जलद. या वेगात चार बोटे एका क्षणी अचूक बसवण्याचा आग्रह धरला की हात ताठरतो आणि मिळवलेला अनुनाद ताठरपणात गमावला जातो.

कानाच्या शिक्षणासाठी आणखी एक गोष्ट करावी लागली. डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्डचे चारही स्वर एकमेकांपासून तीन-तीन अर्धस्वरांवर असतात. म्हणून तीच आकृती तीन फ्रेट सरकवली की पुन्हा तेच चार स्वर, वेगळ्या मांडणीत, हाती येतात. उतरणीतील कॉर्डच्या रंगछटा त्यामुळे प्रत्यक्षात तीनच आहेत. पहिले बोट तिसऱ्या तारेवर नवव्या, सहाव्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर असते तेव्हा मोकळा ई हा कॉर्डचाच एक घटक असतो आणि कान थोडा निवांत होतो. दहाव्या, सातव्या, चौथ्या आणि पहिल्या फ्रेटवर त्याच ई मुळे ए कडे ओढणारा डॉमिनंटचा ताण निर्माण होतो. आठव्या, पाचव्या आणि दुसऱ्या फ्रेटवर ई ला खेटून डी शार्प आणि वर एफ शार्प येत असल्याने घर्षण सर्वांत कडवट असते. ताण, निवांतपणा, कडवटपणा हे आवर्तन एकदा कानात बसल्यावर निवांत बारमध्ये मोकळा ए किंवा डी चुकून वाजला तर तो लगेच टोचू लागला. स्वतःची चूक त्यांना चित्रण न पाहता ऐकू येऊ लागली, तेव्हा पुढचे काम सोपे झाले. शिवाय वादनात उतारचढावही आला. तोवर ही उतरण एकसुरी वाजत होती.

उतरणीनंतर डाव्या हाताच्या लिगादोंची, म्हणजे तार पुन्हा न छेडता बोट आपटून आणि खेचून काढलेल्या स्वरांची एक धाव येते आणि अखेरीस हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले घंटेसारखे स्वर) येतात. स्टीलच्या तारांवर वाढलेल्या या हाताला तिथे काहीच अडचण नव्हती. उलट बहुतेक क्लासिकल विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे लिगादो अधिक टणक निघत. तो भाग आम्ही जवळजवळ न थांबता ओलांडला.

परिणाम असा झाला की काही महिन्यांनी ९६ ला संपूर्ण रचना, सर्व पुनरावृत्तींसह, न तुटता वाजू लागली. एका छोट्या घरगुती मैफलीत त्यांनी ती सादर केली. १०४ च्या पुढे मात्र सांधा पुन्हा सैल होतो आणि अंगठा पुन्हा मानेला चिकटतो. व्यावसायिक वादक याहून बऱ्याच वेगाने वाजवतात. इंग्लिश गिटारवादक जुलियन ब्रीम यांच्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करून ते खट्टू होत असत. ९६ ला प्रत्येक स्वर ऐकू येत असेल तर ‘बेताने जलद’ ही अट पुरी झाली, असे माझे मत मी त्यांना सांगितले. ते त्यांना पूर्णपणे पटलेले नाही.

एक प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे. पाचव्या तारेवरचा चिर्र आवाज कमी झाला तरी गेला नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत बोटांची टोके मऊ पडतात आणि तारेच्या खाचांत अधिक अडकतात, तेव्हा तो वाढतो. पॉलिश केलेल्या बेस तारा लावून पाहण्याचा पर्याय त्यांच्यासमोर आहे. त्या तारांचा नाद थोडा दबका असतो आणि या रचनेत सहाव्या तारेवरच्या ई चा घुमारा कमी होणे मला परवडणारे वाटत नाही. सध्या ते दुसऱ्या एत्यूदकडे वळले आहेत. तो ए मेजरमधला आहे आणि त्यातही आर्पेजिओच (कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवणे) आहेत; पण तिथे डाव्या हाताला बारच्या मध्यावरच जागा बदलावी लागते आणि सरकण्यासाठी मोकळ्या सहाव्या तारेचा आडोसा दर वेळी मिळत नाही. तारांचा तोच हिशेब त्यांनी या वेळी स्वतः मांडून आणला आहे.